ओल किती धरली, साहेब?

बातमी ठरलेली असते. तुरीच्या तासात लपवलेली गांजाची झाडं उपटली, मुळासकट काट्यावर टाकली, इतके किलो भरली, इतक्या लाखांचा मुद्देमाल जप्त. फोटोही ठरलेला. टेबलावर हिरवी जुडी, मागे सात-आठ जण छाती काढून उभे आणि मधे एकाच्या डोक्यावर काळा बुरखा. खाली यादी: एक मोबाइल, जु.वा.किं.अं. पाच हजार. एक मोटारसायकल, जु.वा.किं.अं. पन्नास हजार. एक पांढरी प्लास्टिकची गोणी, किं. ०० रु. ही शून्य किंमत कोण लावतं त्याला एकदा भेटायचंय. आमच्याकडे बारदान्याचेही पैसे कापतात.

पण गोणी जाऊ द्या. माझं डोकं अडकलंय ते ओल्या वजनावर.

अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा. शेंडा सोबत नसेल तर पानं आणि बियासुद्धा त्यात धरत नाहीत. आणि आपल्याकडे काट्यावर काय चढतं? शेंडा, पान, दांडा, मूळ, मुळाला धरलेली काळी माती आणि त्यात निजलेलं एखादं गांडूळ. २० किलोच्या वर भरलं की माल 'व्यापारी प्रमाणा'त गेला, जामीन अवघड झाला, बातमी पहिल्या पानावर आली. पुढे न्यायालयात वकील विचारतो, साहेब, यात माती किती? तिथे मग किलो वितळायला लागतात. ती बातमी मात्र कुठल्याच पानावर येत नाही.

झाडावरून पुडीवर येऊ. कायद्यात हेरॉइन, रस्त्यावर गर्द किंवा ब्राऊन शुगर. कायदा केंद्राचा, त्यामुळे मलकापूरच्या फलाटावर आणि मुंबईच्या विमानतळावर माप एकच. ५ ग्रॅमच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २५० ग्रॅमच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, आणि दंड एक ते दोन लाख. मधल्या मालाला दहा वर्षांपर्यंत सजा आणि लाखापर्यंत दंड. कायदा अमलात आला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे बालदिनी. छोटं, मोठं आणि मधलं प्रमाण ही विभागणी करणारी दुरुस्ती लागू झाली २ ऑक्टोबर २००१ रोजी, गांधी जयंतीला. जयंत्या सांभाळायची हौस या कायद्याला पहिल्यापासून. दंडाचा तो एक ते दोन लाखांचा आकडा मात्र १९८५पासून जागचा हललेला नाही. सोयाबीनचा हमीभाव निदान कागदावर तरी वाढतो. २०२४-२५ला क्विंटलला ४,८९२ होता, २०२५-२६ला ५,३२८ झाला.

आता गंमत ऐका. गर्द कुणी शुद्ध विकत नाही. त्यात पावडर असते, गोळ्यांचा चुरा असतो, हाताला लागेल ते असतं. मग वजन धरायचं कशाचं? नुसत्या हेरॉइनचं की सगळ्या पुडीचं? बरीच वर्षं उलटसुलट चाललं आणि २०२० साली निकाल लागला: सगळ्या पुडीचं. एक ग्रॅम हेरॉइन आणि नऊ ग्रॅम पावडर, तर कायद्याच्या लेखी दहा ग्रॅम हेरॉइन. म्हणजे ज्याने गिऱ्हाइकाला फसवून दहातले नऊ भाग चुना भरला, त्याला दहा वर्षांपर्यंतची सजा. आणि ज्याने प्रामाणिकपणे चार ग्रॅम अस्सल माल दिला, तो एका वर्षात घरी. भेसळीविरुद्ध इतका कडक कायदा दूध-तुपाला मिळाला असता तर आमची पोरं चार इंच उंच झाली असती.

आणि इथे माझं डोकं सटकतं. कचऱ्यासकट वजन धरायचं हे या देशाला जमतं, हे आता सिद्ध झालंय. मग खामगावच्या, चिखलीच्या, मेहकरच्या यार्डात काय होतं? शेतकरी पहाटे ट्रॅक्टर लावतो, त्याचा नंबर दुपारी लागतो. अडत्या मूठभर दाणे उचलतो, दाताखाली एक फोडतो आणि यंत्राकडे न बघताच सांगतो, "ओल हाये भाऊ. चौदा निघन." यंत्रात तेरा निघतात, तरी भाव चौदाचाच. सरकारी खरेदीला जावं तर अट बारा टक्के ओलीची. दाणे वाळवून बारावर आणले तर दाणा बारीक. दाणा बरा निघाला तर काडीकचरा. चाळण मारून आणला तर डागी. वर कडता, तोलाई, हमाली, आणि जे मातेरं खाली सांडलं ते झाडून दुसराच कुणी घेऊन जातो. माझ्या सोयाबीनमधली माती वजनातून जाते, ओल वजनातून जाते, काडी वजनातून जाते, कधीकधी सोयाबीनही वजनातून जातं. आणि त्याच तालुक्यात, त्याच मातीतलं दुसरं झाड मुळासकट काट्यावर चढलं की त्याची ओल धरत नाहीत, माती काढत नाहीत, कडता मारत नाहीत, उलट प्रतिकिलो असा भाव लावतात की पेपर वाचता वाचता शेजारचा म्हातारा विचारतो, "हा रेट कोन्या यार्डात निघाला बाप्पा?" कोणत्याच यार्डात नाही, बाबा. सजा ठरते वजनावर, कलमात रुपयाचा भाव कुठेच नाही. तरी बातमीत किलोच्या आधी लाख येतात. ज्या मालाचा बाजार भरवणंच गुन्हा, त्याचा बाजारभाव सगळ्यांना तोंडपाठ. ज्याचा बाजार रोज भरतो, त्याचा भाव विचारला की "आवक जास्त हाये."

पुडीच्या दंडाकडे परत येतो, कारण खरा हिशेब तिथे आहे. कलम २१ला बाळगणारा, विकणारा, विकत घेणारा, वाहून नेणारा सगळे सारखे. फरक फक्त ग्रॅमचा. विकणाऱ्याला हे आपल्या आधी कळलेलं असतं. तो खिशात तीन-चार ग्रॅमच ठेवतो, बाकी माल दुसरीकडे. धरला गेला तर एक वर्ष, दहा हजार. आणि ज्या पोराने ती पुडी ओढली त्याला कलम २७: तेही एक वर्षापर्यंत, पण दंड वीस हजारांपर्यंत. विकणाऱ्याला दहा, ओढणाऱ्याला वीस. बापाने सोयाबीन विकून वीस हजार उभे करायचे, तर ५,३२८च्या हमीभावानेही पावणेचार क्विंटल जातात. ओल न कापता.

याच कायद्यात एक कलम आहे, ते कुठल्या फोटोखाली छापलेलं मी पाहिलेलं नाही. नशेच्या आहारी गेलेल्या माणसावर कलम २७चा किंवा छोट्या प्रमाणाचा गुन्हा लागला असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात वा केंद्रात व्यसन सोडवायचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. कलम ६४अ. तुमच्या घरात कुणी अडकलं असेल तर वकिलाला हाच आकडा सांगा.