पुरावेकर

त्यांचं खरं आडनाव गावात फारसं कुणाला आठवत नाही. 'पुरावा काय?' हे ते दिवसातून इतक्यांदा विचारतात की लोकांनी कोकणच्या रिवाजाप्रमाणे त्यांना 'पुरावेकर' करून टाकलं. त्यांच्या दवाखान्यातून पेशंट सुई न टोचता बाहेर पडतो आणि फी देताना फसवल्यासारखं तोंड करतो. पलीकडच्या आळीत सर्दीलाही सलाइन लागतं. इथे सर्दीला गरम पाणी, आणि अँटिबायोटिक का देत नाही यावर पंधरा मिनिटं. माझ्या काकूनं यांना चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे ती तोंडावर सांगते, "ज्ञान फुकट वाटतोस, औषध मात्र पैसे मोजूनही देत नाहीस."

टेबलाच्या काचेखाली इतर डॉक्टर देवाचा फोटो ठेवतात. यांच्या काचेखाली चार ओळींचा कागद आहे : कोणी लिहिलं? पैसे कोणी दिले? पुरावा कुठला? परत कधी तपासणार? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2011 मध्ये गाइडलाइनवर भरवसा कधी ठेवावा याचे आठ निकष सांगितले, त्यांचा हा घरगुती काढा. लिहिणाऱ्या समितीत औषध कंपनीचं मीठ खाल्लेले शक्यतो नसावेत, अध्यक्ष तर नकोच, आणि पेशंटलाही खुर्ची हवी, हे त्या आठांत येतं. पुरावेकरांनी ते मनावर घेतलं. दवाखान्याची वेळ ठरवायला समिती नेमली आणि तीत मासेवाल्या मावशीला घेतलं. सकाळी लिलाव असतो, तेव्हा साडेअकराच्या आत दवाखाना उघडायचा नाही, असा मावशीनं ठराव केला. तो अजून लागू आहे.

औषध कंपनीच्या एमआरनं ठेवलेलं पेन ते चिमट्यात धरून परत करतात. मी एकदा दोन डझन हापूस पाठवले, तेव्हापासून काहीही विचारलं की आधी जाहीर करतात, "सांगून ठेवतो, मी तुमचे आंबे खाल्लेत." एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींनी आमटी कशी झालीय असं विचारलं. "यात माझे हितसंबंध गुंतलेत," म्हणून त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. वहिनींनी दोघांनाही वाढणं थांबवलं.

रक्तदाब मोजणं हा तर त्यांच्याकडे सोळा सोमवारांसारखा विधी. आधी लघवीला जाऊन या. अर्ध्या तासात चहा झाला असेल तर बाहेर बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात छातीच्या उंचीला टेबलावर. मग पाच मिनिटं तोंड बंद. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या पालीनं एक किडा हेरला, गाठला आणि गिळला. नंतर दोनदा मोजून सरासरी. माझी आली 136/84.

"अमेरिकेत असतात तर नोव्हेंबर 2017 पासून तुम्ही रक्तदाबाचे पेशंट. तिथे त्यांनी हद्द 130/80 वर आणली. युरोपवाल्यांनी 2018 मध्ये 140/90 च ठेवली."

"म्हणजे मला नक्की झालंय काय?"

"ते विमानाच्या तिकिटावर अवलंबून आहे."

हा माणूस पुस्तकाचा गुलाम आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग काकू पडली. वय 84, साखर, एकदा पक्षाघात होऊन गेलेला. मुंबईच्या जावयानं रक्तदाबाचा वरचा आकडा 120 च्या खाली हवा म्हणून तिसरी गोळी सुरू करवली होती, आणि पहाटे मोरीकडे जाताना तिला भोवळ आली. पुरावेकरांनी तिला आडवं ठेवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभ्यानं आकडा असा कोसळला की त्यांनी तिसरी गोळी तिथल्या तिथे खोडली. जावई फोनवर गाइडलाइन म्हणू लागला.

"अहो, हा 120 ज्या स्प्रिंट अभ्यासातून आला त्यात नऊ हजारांवर माणसं होती, कबूल. पण मधुमेहवाले त्यात घेतलेच नव्हते. पक्षाघात होऊन गेलेलेही नव्हते. काकू त्या दारातून आतच गेल्या नव्हत्या."

"मग त्यांना माझी काळजी कशाला?" काकू खाटेवरून म्हणाली.

या गृहस्थाचा आवाज हलतो तो एकाच विषयावर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन दिलं. ही गोळीही रक्तदाबाचीच. पुढे 70 पेशंट घेऊन त्यांनी तपासलं की जोडीला प्रतिविष दिलं तर फायदा होतो का. झाला, आणि तसं त्यांनी 2011 मध्ये छापलं. "स्वतःच्या औषधाला परत परीक्षेला बसवलं माणसानं," पुरावेकर म्हणतात आणि चष्मा पुसत बसतात.

यंदा पेटी घेऊन गेलो. पुरावेकरांनी रजिस्टर काढून नोंद केली : हापूस, 2 डझन. सोबत आलेल्या काकूनं विचारलं, "साखर आहे, पण एक फोड चालेल ना रे?"

"काकू, आंब्याच्या बाबतीत माझं मत धरू नका. आताच नोंद केलीय."

"नाहीच धरत," काकू उठत म्हणाली. "मासेवालीला विचारते. ती समितीत आहे."