तुझं मत काय, ते सांग

‘या प्रश्नाला दोन बाजू आहेत’ असं म्हणून उत्तर सुरू केलं की मी मुलांना तिथेच थांबवते. न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली मुलं मेडिकल स्कूलच्या मुलाखतींचा सराव करायला येतात. आरोग्य धोरणाचा प्रश्न आला की बहुतेकांचं उत्तर एकाच साच्यातून निघतं. ओबामाकेअरचे तीन फायदे, तीन तोटे, ‘समतोल साधायला हवा’, संपलं. या मुलाला स्वतःला काय वाटतं, हे समोरच्याला कळत नाही. मुलालाही ते माहीत नसतं.

हे शिकवलं कुणी? आपणच. ‘राजकारणावर बोलू नकोस हं, समोरचा कुठल्या पक्षाचा असेल सांगता येत नाही,’ असं बजावून आपण त्यांना पाठवतो. अहो, औषधाचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्न राजकारणाचाच आहे! 1965 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने मेडिकेअर हा वृद्धांचा आणि मेडिकेड हा गरिबांचा सरकारी विमा आला. त्याआधी अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे डॉक्टरांचीच संघटना, मेडिकेअरच्या विरोधात कंबर कसून उभी होती. डॉक्टर राजकारणापासून लांब कधी होते? मत कशावरून बनवलंस आणि उलट प्रश्न आल्यावर काय करतोस, एवढंच मुलाखत घेणाऱ्याला बघायचं असतं.

आपल्याकडे डॉक्टर झालेल्या आईवडिलांना प्रवेशाच्या वेळी असलं काही कुणी विचारलंच नाही. मार्क पडले, ॲडमिशन झाली. अपवाद सेवाग्रामचा: तिथल्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा, तोही देशभरासाठी एकच ‘नीट’ परीक्षा आल्यावर गेला. म्हणून घरात या तयारीची परंपरा नाही, आणि मग क्लासच्या नोट्स पाठ होतात.

माझं सांगणं एकच असतं. कायद्याचं नाव मागाहून घे, आधी माणूस उभा कर.

चाळिशीतला एक अमेरिकन नागरिक घ्या. हॉटेलात भांडी घासतो, एकटा आहे, मधुमेह आहे, नोकरीतून विमा नाही. न्यू जर्सीत कमाई पुरेशी कमी असेल तर त्याला मेडिकेड मिळतं, कारण 2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्टमधला, म्हणजेच ओबामाकेअरमधला, मेडिकेडचा विस्तार या राज्याने स्वीकारला. टेक्ससने स्वीकारला नाही. 2012 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्यांना तशी मुभा दिली. तिथे अपंगत्व किंवा मुलंबाळं नसलेल्या अशा प्रौढाला कितीही गरिबी असली तरी मेडिकेडचं दार बंद. मग तो साखर भडकली की इमर्जन्सीत येतो. एम्टाला नावाच्या 1986 च्या कायद्यामुळे तिथे त्याला तपासावंच लागतं, जिवावरचं टळेपर्यंत उपचार करावेच लागतात. पुढच्या महिन्याच्या इन्सुलिनची सोय मात्र त्या कायद्यात नाही. तो घरी जातो आणि पुन्हा येतो.

एवढं नीट सांगितलंस की मत आपोआप तयार होतं. ‘विस्तार सगळीकडे हवा’ असं म्हणालास, तर अडचणही तूच पुढे ठेव. मेडिकेड डॉक्टरांना खासगी विम्यापेक्षा कमी पैसे देतं, म्हणून अनेक डॉक्टर हे पेशंट घेत नाहीत. हातात कार्ड असतं आणि अपॉइंटमेंट मिळत नाही. दुसरी बाजू सांगायची ती अशी, आपल्याच मताला जिथे टोचते तिथली.

टेक्सस लांब वाटत असेल तर घरातच बघा. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा आपण व्हिजिटर इन्शुरन्स काढतो आणि तो कागद कुणीच वाचत नाही. एका मुलीला मी तिच्या आबांची पॉलिसी घेऊन बसवलं. आबांना ब्लडप्रेशर, पूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आधीपासूनचे आजार वगळलेले. त्यातलंच काही अचानक उद्भवलं तर पैसे मिळणार, तेही ठरावीक वयापर्यंत आणि ठरावीक रकमेपर्यंत. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘काकू, आबांच्या छातीत दुखलं तर ते आधीचं की अचानकचं, हे कोण ठरवणार?’ विमा कंपनी ठरवणार, क्लेम गेल्यावर. 2014 पर्यंत स्वतः विमा विकत घेणारे अमेरिकन लोकही बऱ्याच राज्यांत याच भीतीत जगत होते. ओबामाकेअरने आधीचे आजार वगळण्याची पद्धत बंद केली. हे कलम तिला पाठ होतं. त्या दिवशी ते तिला समजलं, आणि मग तिचं उत्तर ऐकत राहावंसं वाटलं.

मुलांच्या स्वतःच्या खिशाशी येणारा कायदाही आहे. जुलै 2025 मध्ये सही झालेल्या कायद्याने मेडिकलच्या सरकारी कर्जाला मर्यादा घातली. 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज घेणाऱ्याला वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण दोन लाख. बऱ्याच कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च याहून जास्त आहे. त्याच कायद्यात आपल्या भांडी घासणाऱ्या माणसासाठीही एक अट आहे. मेडिकेड टिकवायचं तर महिन्याला 80 तास काम दाखवायचं. आर्कान्सास राज्याने 2018 साली अशीच अट लावली, तेव्हा काही महिन्यांत 18 हजारांवर लोकांचं मेडिकेड गेलं, आणि पुढच्या वर्षी कोर्टाने ती थांबवली. एकाच कायद्याने भावी डॉक्टरला आणि त्याच्या पेशंटला गाठलंय. हे ज्या मुलाला दिसलं, त्याला ‘खेड्यापाड्यांत फॅमिली डॉक्टर का मिळत नाहीत?’ या प्रश्नासाठी वेगळ्या नोट्स लागत नाहीत. मर्यादेवरचे पैसे खासगी कर्जातून उभे करणारा मुलगा कमी कमाईचं फॅमिली मेडिसिन निवडेल का?

‘मग तू निवडशील का?’ हे मी हल्ली आईवडिलांच्या समोरच विचारते. घरात बहुतेक वेळा कार्डिओलॉजी ठरून गेलेली असते. मुलाखतीत ‘खेड्यात प्रॅक्टिस करेन’ असं म्हणायच्या आधी मुलाने ते घरी एकदा स्पष्ट बोलावं आणि आईवडिलांनी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढं मला फार मनापासून वाटतं.