शांतताप्रेमी गृहस्थ

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गातील नमुन्यांची नोंद करू लागल्यास शांतताप्रेमी गृहस्थास त्यात मानाचे स्थान द्यावे लागते. हा नमुना डोंबिवली-ठाण्यापासून कोथरूडपर्यंत सर्वत्र आढळतो, बहुधा दोन बेडरूमच्या सदनिकेत राहतो आणि हॉलचा एक कोपरा पार्टिशन घालून वेगळा काढला की आयुष्यात लिहायचे-वाचायचे राहून गेलेले सर्व काही पार पडेल, अशी त्याची श्रद्धा असते. २०२० च्या टाळेबंदीत कचेरी घरात शिरली तेव्हा त्याची संख्या वाढली हे खरे. परंतु टाळेबंदीने त्याला निमित्त पुरवले, जन्म दिला नाही. गिरगाव-परळच्या चाळींत त्याच्या आजोबांच्या पिढीने लाकडी फळ्यांच्या आडोशाने संसार केले आणि शेजारचे बोलणे ऐकू येणे ही त्या पिढीच्या लेखी तक्रार नसून बातम्यांची सोय होती. नातवाला मात्र पलीकडच्या खोलीतील मालिकेचे शीर्षकगीत हा आपल्या बौद्धिक जीवनावरील हल्ला वाटतो.

त्याच्या प्रयोगांना आरंभ होतो तो अंड्यांच्या ट्रेपासून. (घर शाकाहारी असल्यास तो हे ट्रे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ते कशासाठी हवेत याचा खुलासा कोणी न विचारता करून, मागून आणतो.) ट्रे, थर्माकोल आणि करड्या स्पंजाचे तक्ते भिंतीवर डकवून झाल्यावर ध्वनिशोषण आणि ध्वनिरोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला कळते. शोषण म्हणजे खोलीतल्या खोलीत आवाजाचा घुमारा कमी करणे आणि रोधन म्हणजे आवाजाला भिंतीपलीकडे जाऊ न देणे. पहिले काम स्पंज करतो, ट्रे जेमतेम करतात, थर्माकोल जवळपास करीतच नाही, आणि दुसऱ्या कामाला या तिघांचाही काही उपयोग नसतो. परिणामी मालिकेतील सासूबाई पूर्वीइतक्याच येतात, फक्त आता घुमाऱ्याविना, अधिक स्वच्छ ऐकू येतात.

या टप्प्यावर गृहस्थ वाचन वाढवतो आणि घरातील इतरांचे खरे हाल सुरू होतात. आवाजाची पातळी मोजण्याचे एकक जे डेसिबल, ते त्याच्या जेवतानाच्या बोलण्यात येऊ लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, हे तो मिक्सर चालू असताना, म्हणजे त्याहून मोठ्या आवाजात, ओरडून सांगतो. हे नियम मिक्सरसाठी केलेले नाहीत, ही बाब त्याला गौण वाटते. पाठोपाठ वस्तुमान-नियम येतो: एकसंध भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले तर रोधन तत्त्वतः सुमारे ६ डेसिबलने वाढते, पण कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यास साधारण १० डेसिबलची घट लागते. थोडक्यात, खर्च दुप्पट करूनही शांतता दुप्पट होत नाही. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या जिप्सम बोर्डाचे वजन चौरस मीटरला आठ-नऊ किलो भरते, तर प्लास्टर केलेल्या चार इंची विटांच्या भिंतीचे दोनशेहून अधिक. मात्र तेवढा भार स्लॅबवर कुठेही टाकता येत नसल्याने सोसायटी विटांना हरकत घेते, आणि गृहस्थ दुहेरी पार्टिशनकडे वळतो.

दुहेरी पार्टिशनची युक्ती खरोखरच चांगली आहे. पत्र्याच्या चौकटींच्या दोन वेगळ्या ओळी, प्रत्येकीवर बाहेरच्या अंगाने बोर्डाचे दोन थर, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, आणि दोन्ही अंगांचा एकमेकांना कुठेही स्पर्श नाही, अशी रचना केल्यास केवळ वजनाच्या हिशेबाने मिळाले असते त्याहून पुष्कळ अधिक रोधन मिळते. सारी मेख त्या ‘कुठेही स्पर्श नाही’ या अटीत आहे. दोन्ही अंगांना जोडणारा एखादा आडवा तुकडासुद्धा कंपनांचा पूल ठरतो, आणि सुताराला तर डळमळणारे काहीही सहन होत नाही. “साहेब, मधी एक आडवी पट्टी मारली की भिंत मरेस्तोवर हलनार नाय,” असे सांगून तो ती मारूनही मोकळा होतो. गृहस्थ पट्टी काढवतो, सुतार चहाला जातो, आल्यावर दुसरीकडे मारतो.

पट्टीवर नजर ठेवण्याच्या नादात फट राहते. पार्टिशन छताच्या स्लॅबपर्यंत न नेता फॉल्स सीलिंगच्या थोडे वर सोडून देण्याची कारागिरांची रीत असते, कारण तेथले कोणाला दिसत नाही. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का भाग उघडा राहिल्यास उरलेली भिंत कितीही भारी असली तरी एकूण रोधन २० डेसिबलच्या वर जात नाही; आणि दहा फूट लांब, नऊ फूट उंच पार्टिशनच्या माथ्यावर केवळ एक इंचाची फट म्हणजे जवळजवळ तो एक टक्काच. शिवाय दाराखालची फट आणि पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड आहेतच. गृहस्थ मग सीलंटची बंदूक घेऊन स्टुलावर चढतो आणि कित्येक रविवार तेथेच असतो. ओट्यावरच्या खलबत्त्यावर मात्र त्याला उपाय सापडत नाही, कारण तो ठोका हवेतून न येता ओट्यातून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून थेट त्याच्या खुर्चीत येतो.

तरीही चिकाटीला यश येते आणि मालिका ऐकू येईनाशी होते. मोठा आवाज गेला की त्याने झाकलेले बारीक आवाज उघडे पडतात, त्यामुळे गृहस्थाला आता भिंतीवरचे घड्याळ, लॅपटॉपचा पंखा आणि वरच्या मजल्यावरचा नळ यांचा त्रास होऊ लागतो. कुकरच्या शिट्ट्या कळत नसल्याने जेवणाची वेळ चुकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे भिंत दोन्ही बाजूंना सारखाच न्याय देते. मीटिंगमध्ये नेटवर्कवर विश्वास न ठेवता थेट बंगळूरपर्यंत पोहोचेल अशा आवाजात बोलण्याची त्याची सवय वर्षानुवर्षे हॉलने सोसलेली असते. ती पीडा बंद झाल्याचे घराच्या ध्यानात येण्यास फार वेळ लागत नाही. गृहिणी एके दिवशी दार उघडून विचारते, “अहो, कॉन्ट्रॅक्टर परत येणार आहे ना? हॉलच्या बाजूनेही अजून एक थर मारून घेऊ या.” दार लागते. आणखी एका थराने फार तर चार-पाच डेसिबल पदरात पडतील आणि तेवढ्यासाठी खर्च परवडण्यासारखा नाही, हे गृहस्थ आतून आकडेवारीसह, चढ्या स्वरात सिद्ध करीत राहतो. हॉलमध्ये त्यातले काहीही ऐकू येत नाही.