सरांना 'थांबा' कोण म्हणणार?

अमेरिकेतले सर्जन आणि लेखक अतुल गावंडे आपले आहेत, हे आपण कधीच ठरवून टाकलंय. जन्म न्यूयॉर्कचा, वाढले ओहायोत. पण वडील उमरखेडकडच्या उटीचे आणि आजीच्या नावाचं कॉलेज उमरखेडात. आमच्या अहमदपूरहून निघावं, नांदेड मागे टाकावं, पैनगंगा ओलांडावी की आलंच. तेव्हा आपलाही हक्क पोहोचतो, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर.

माणूस घेतला. त्याने तयार केलेला कागद मात्र आपण फायलीला लावला.

हा कागद म्हणजे शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची तपासणी यादी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडेंच्या चमूने ती 2008 साली केली. मुद्दे 19. टप्पे तीन: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरमधून, म्हणजे ओटीतून, हलवण्याआधी. दिल्लीसकट जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. ना मशीन, ना निविदा, ना फीत कापणं. अशा गोष्टीला आपल्याकडे कोण विचारतो?

यादीतले बहुतेक मुद्दे सरळ आहेत. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, अँटिबायोटिक तासाभरात दिलं का, रक्त टिपायचे मॉप आणि सुया मोजल्या का. खरा अवघड मुद्दा एकच. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. आता आपल्या ओटीत नाव असतं कुणाला? तिथे सर असतात, सिस्टर असतात, मामा असतात, मावशी असतात. तालुक्याच्या गावातले भूलतज्ज्ञ तर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळत असतात. ते नाव सांगायला उभे राहिले तर पुढच्या दवाखान्यातून फोन येतो. पण यामागचा हिशेब पक्का आहे. सुरुवातीला एकदा तोंड उघडलेली सिस्टर पोट शिवायच्या वेळी "सर, एक मॉप कमी भरायलाय" म्हणायला धजते.

नेमकं हेच आपल्याला पचत नाही. आपल्याकडे आवाज वरून खाली येतो, खालून वर जात नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात. पाठोपाठ एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करून घेतला. मोठ्या साहेबाचीच ही गत, तर सिस्टरने कुणाला 'थांबा' म्हणावं?

यादी वाचायला वेळ नसतो, ही सबब निम्मी खरी आहे. गावंडेंनी 2007च्या 'बेटर' या पुस्तकात नांदेडच्या सरकारी रुग्णालयाबद्दल लिहिलंय: 500 खाटा, चौदाशे गावांचा भार आणि जनरल सर्जन नऊ. तिथल्या डॉक्टरांचं त्यांनी तोंडभरून कौतुकही केलंय. पण यादी वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तर चहा आला की नाही हे विचारण्यात जातो.

मग आपण मधला मार्ग काढतो: टिक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने यादी सक्तीची केली. 101 रुग्णालयांचा हिशेब 2014 साली छापून आला. कागदोपत्री नव्वद टक्क्यांवर वापर, मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. तज्ज्ञ त्यावर अजून वाद घालतायत. ग्रामसभेच्या सह्या घरोघर फिरून गोळा झालेल्या ज्याने पाहिल्यात, त्याला असं कसं झालं हे कुणी समजावून सांगायला नको. ऑपरेशनची बाजू दाखवणारा बाण हातावर काढलाय का, हे न पाहता 'बाण काढला' या ओळीपुढे टिक मारणं हे कौशल्य कॅनडाने आपल्याकडून घेतलं की आपण त्यांच्याकडून, एवढंच शोधायचं राहिलंय.

गावंडेंच्या लोकांनी यादी वापरणाऱ्या डॉक्टर-नर्सेसना मत विचारलं होतं. साधारण पाचातला एक कुरकुरला: वेळ खाते, उपयोग नाही. मग त्यांना दुसरा प्रश्न टाकला: उद्या तुमचंच ऑपरेशन असेल तर यादी वाचलेली हवी का? 93 टक्के हो म्हणाले.

आपल्या सरांनाही हा दुसरा प्रश्न विचारून बघावा म्हणतो. टेबलावर आडवं होण्याआधी विचारला, तर बरं.