पाव इंचाचा तोफखाना

जबलपुरात अचूकपणाची सोय सरकारने फार पूर्वीच करून ठेवली आहे. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी आली, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १९६९मध्ये व्हेइकल फॅक्टरी. त्यामुळे शहरात कुठल्याही गल्लीत दगड भिरकावा, तो एखाद्या निवृत्त फोरमनलाच लागतो. आणि कळवळण्याआधी तो दगड किती अंशांच्या कोनातून आला ते सांगतो. अशा गावात क्विल्ट शिवायला घेणं म्हणजे परीक्षकांच्या वसाहतीत बसून पेपर लिहिणं.

आमच्या घरात परीक्षक दोन. काका गन कॅरेजच्या टूलरूममधून निवृत्त झाले, पण टूलरूम काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. पोळी गोल आहे का हे बघायलाही त्यांचा हात व्हर्नियर कॅलिपरकडे जातो. त्यांची धाकटी बहीण म्हणजे बेबीआत्या. वय ऐंशीच्या घरात, नाव अजून बेबीच. ती जन्मभर गोधड्या शिवत आली. तिचं मापाचं साधन वीत, आणि थंडीत तीही आखडते, असा काकांचा जुना आक्षेप आहे.

या दोघांच्या मध्ये माझ्या मावसबहिणीने अमेरिकेहून फ्रीझर पेपरचं भेंडोळं आणून ठेवलं. एका बाजूने साधा कागद, दुसऱ्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर. तिकडे मटण गुंडाळून फ्रीझरात ठेवायला तो वापरतात. हे कळताच आत्याने भेंडोळं देवघराशेजारच्या कपाटातून बाहेर काढायला लावलं.

"अगं आत्या, कोरा आहे तो. त्यात कधी काही गुंडाळलेलं नाही."

"नसेल. पण आपला जन्म कशासाठी झालाय ते त्याला ठाऊक आहे ना!"

या कागदाची करामत इस्त्रीखाली कळते. आकार आखून कापायचा, चकचकीत बाजू कापडावर ठेवायची आणि कोरडी गरम इस्त्री काही क्षण दाबायची. थर मऊ होतो, कापडाला धरून बसतो, आणि काम झालं की डाग न ठेवता सुटतो. तोच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवता येतो. आपल्याकडचा केक भाजायचा बटर पेपर इथे कामाचा नाही. त्याच्यावर सिलिकॉन असतं, काही चिकटू न देणं हाच त्याचा धर्म.

एवढा खटाटोप कशासाठी, ते काकांच्या व्हर्नियरनेच दाखवून दिलं. त्यांनी सुती कापडाची एक पट्टी मोजली, पुन्हा मोजली, आणि दर वेळी माप वेगळं आलं. "हा माल तपासणीला सहकार्य करत नाही," असा शेरा मारून ते गप्प बसले. कापड ओढलं की वाढतं, दाबलं की दबतं, तिरकं कापलं तर रबरासारखं ताणतं आणि पेन्सिलीच्या टोकाबरोबर पुढे सरकतं. कागद चिकटला की हे सगळे चाळे बंद होतात. मग कापडाची कागदासारखी कड निघते.

त्यानंतर काकांनी कारभार हातात घेतला. नियम पहिला: फर्मा एकच, मूळचा. पहिल्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा आखायचा नाही. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर पिढीत वाढत जाते. नियम दुसरा: कागद इस्त्रीने किंचित आकसतो, म्हणून आखण्याआधी त्याला एकदा तापवून घ्यायचं. नियम तिसरा: शिवणीसाठी सोडायचं कापड पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पण शिवताना टाका एका दोऱ्याइतका कडेच्या बाजूला घ्यायचा, कारण दुमड जागा खाते. नियम चौथा: कागद कापडाच्या उलट बाजूला लावणार असाल तर आकार आरशातला काढायचा, नाहीतर समोरासमोर बसायचे पोपट एकमेकांकडे पाठ फिरवतात.

"फिरवू देत की," आत्या म्हणाली. "जुना संसार असेल."

गोहलपूरच्या एका कटिंग मास्टरांनाही मी हा कागद दाखवला. जबलपूर सलवार-सुटांचं गाव. पुठ्ठ्याचे फर्मे लावून तिथे कापडाचे थरच्या थर कापले जातात. पाव इंच ऐकून मास्टर हसले. "दीदी, इतने में तो हमारी चॉक की लकीर ही बैठ जाती है." त्यांचंही खरं आहे. सूट अंगावर सैल बसतो, शिवणीत कापड जास्त सोडलेलं असतं. चूक आत राहते आणि गिऱ्हाईक जाड झालं की उपयोगी पडते.

आत्याची गोधडी मात्र बिनमापाची असून जन्मात कधी वाकडी झाली नाही, याचा काकांना अनेक वर्षं राग होता. त्याचं उत्तरही शेवटी टूलरूमच्या भाषेतच निघालं. गोधडीत खाली जुन्या लुगड्याचं अख्खं अस्तर असतं. त्यावर तुकडा ठेवायचा, कडा दुमडायच्या, धावदोरा घालायचा. तुकडा मोठा झाला तर शेजारच्यावर चढतो. प्रत्येकाची चूक ज्याच्या त्याच्याजवळ राहते. क्विल्टमध्ये तुकडा तुकड्याला कडेने जोडतात, म्हणून चूक पुढे चालत जाते. एकेक चौकोन एक मिलिमीटर जास्त असला, तर बारा चौकोनांची ओळ बारा मिलिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. शेजारच्या ओळीत तीनच मोठे तुकडे असले, तर ती तीनच मिलिमीटरने वाढते. मग दोन ओळींची तोंडं कशी जुळणार?

"म्हणजे बेबी, तुझ्या डिझाइनमध्ये टॉलरन्स आहे," काकांनी जाहीर केलं. कोणाला त्यांनी दिलेलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र.

"दादा, टॉलरन्स माझ्यातच आहे. तुझ्याबरोबर वाढले मी," आत्या म्हणाली.

तेव्हा वाचकहो, अंदाजाने शिवायचं असेल तर अस्तरावर शिवा. कडेला कड जोडायची असेल तर मापाने शिवा. दोन्ही पंथ एकाच चादरीत आणू नका. फर्मा मूळचाच वापरा, इस्त्रीतलं पाणी आधी ओतून टाका, आणि घरात निवृत्त फोरमन असेल तर शेवटची शिवण पडेपर्यंत त्याचा व्हर्नियर लपवून ठेवा.