दावा एका टिचकीवर

रत्नागिरीत वाटपाचा दावा आता संगणकावर मांडून लढवता येतो. सात-बारा, फेरफार, कैफियत स्कॅन करा, निशाणी क्रमांक टाका. कागद एका टिचकीत हजर. सरकारनेही 2023 मध्ये ई-कोर्टांच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपये मंजूर केले. दाव्याच्या 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांकावरून बोरिवलीच्या चाकरमान्याला पुढची तारीख मोबाइलवर दिसते. पूर्वी तारीख पुढे गेल्याचे कळायला रत्नागिरी गाठावी लागे. आता निराशा घरपोच मिळते.

सॉफ्टवेअर वंशवेलही काढते. पण सामाईक कलमांच्या बागेतला एक प्रतिवादी वारला, की 90 दिवसांत त्याचे वारस दाखल करण्यासाठी अर्ज करायचा. त्यातले दोघे मुंबईत, एक दुबईत आणि एकमेकांशी बोलत कुणीच नाही. हुकूमनामा झालाच, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथे पुन्हा मोजणी, नकाशा, हरकत.

यंत्राने पुरावा अकारविल्हे लावला. भाऊबंदकी मिटवायचे बटण मात्र त्यात नाही. असते तरी ते दाबायला सर्व सहहिस्सेदारांची संमती लागली असती.