वाऱ्याचं मस्टर

आमच्या माहीमच्या गॅलरीत एक तुळस आहे. पावसाळ्यात ती हिरवी असते आणि दिवाळीपासून होळीपर्यंत करडी. त्या दिवसांत पाणी घालण्याआधी आमच्या घरी तिचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं जातं. परवा सौभाग्यवतींनी ते फडकं माझ्या नाकासमोर धरलं. काळपट डाग, मधूनच सिमेंटची पांढुरकी रेघ. "हे पानांवर बसलेलं. जे बसायचं राहिलं ते कुठं गेलं असेल, सांगा बघू?" मी उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात खोकला आला.

मुंबईचे रस्ते झाडायला माणसं आहेत, हवा झाडायला एकच गडी आहे. खारा वारा. शाळेत भूगोलाच्या पेपरात तो दोन गुणांना यायचा. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते, समुद्रावरून गार हवा येते ते खारे वारे. रात्री उलट दिशेनं वाहतात ते मतलई वारे. या दोन गुणांवर कोटीभर माणसांची छाती चालते, हे मास्तरांनी तेव्हा सांगितलं नव्हतं. बिचाऱ्याला पगार नाही, महागाई भत्ता नाही. त्याचं कंत्राट निघत नाही, म्हणून त्याच्यात कोणाला रसही नाही.

रस आहे तो फक्त आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना. त्यांची सगळी हयात सरकारी कचेरीत हजेरीपट सांभाळण्यात गेली. इतर घरांत कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा खाडा लिहितात. काका वारा कितीला आला ते लिहितात. पश्चिमेच्या खिडकीचा पडदा हलला की घड्याळ बघायचं आणि नोंद करायची. मे महिन्यात साडेदहा, अकरा, अगदी शिस्तीत. जानेवारीत मात्र दीड, पावणेदोन, आणि प्रत्येक नोंदीखाली लाल पेन्सिलीनं लेट मार्क.

"तीन लेट मार्कांना एक रजा. या हिशेबानं ह्याची महिन्यात दहा दिवसांची बिनपगारी झाली."

"पण काका, पगार आहेच कुठं?"

"म्हणून तर वठणीवर येत नाही."

वाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. हिवाळ्यात जमिनीकडून उत्तरेचे, ईशान्येचे वारे समोर उभे असतात; त्यांना रेटून आत शिरायला दुपार होते. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर ऊबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. खाली आपण सगळे शिजत. झाकण उघडायला सूर्य बराच वर यावा लागतो.

त्यात मतलई वाऱ्याचा वेगळाच कारभार. तो रात्री शहरातला धूर आणि धूळ उचलून समुद्रावर नेऊन टाकतो. आपण समजतो, गेलं. पण समुद्र हा जुन्या मासिकांच्या संपादकांसारखा आहे. त्याच्याकडे पाठवलेलं बरंचसं दुसऱ्या दिवशी दुपारी खाऱ्या वाऱ्याच्या टपालानं साभार परत येतं. पोस्टेजसुद्धा त्याचंच.

२०२३ साली हायकोर्टानं हवेची आपणहून दखल घेतली आणि फटाक्यांना रात्री आठ ते दहा अशी वेळ दिली. काका हळहळले. "नेमकी पाळी बदलण्याची वेळ हो! खारा घरी गेलेला, मतलई अजून यायचा."

आता हवेच्या गुणपत्रिकेबद्दल, म्हणजे एक्यूआयबद्दल. ही २०१४ साली जाहीर झाली. शून्य ते पन्नास चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम. मुंबईचा हिवाळा बऱ्याच वेळा या 'मध्यम'मध्ये जातो. शब्द कुणी निवडला कुणास ठाऊक, पण माणूस मराठी मनाचा जाणकार असावा. मध्यम बांधा, मध्यम उंची, मध्यमवर्गीय कुटुंब. अशा मनाला मध्यम हवा मिळाली तर तक्रार कशाची? पीएम २.५ या बारीक कणांचं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल तर आपल्याकडे हवा 'चांगली'. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या वर गेलं की कपाळाला आठ्या घालते. वर्षाच्या सरासरीचं म्हणाल तर त्यांची मर्यादा ५ आणि आपली ४०. म्हणजे त्यांच्या जिनिव्हात नापास झालेला मुलगा मुंबईत आणला की पहिल्या वर्गात येतो. प्रवेशासाठी रांग लागेल.

पालिका मात्र स्वस्थ बसलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं २७ कलमी नियमावली काढली. त्यात बांधकामाभोवती पत्रे लावायचे: भूखंड एकराच्या आत असेल तर २५ फूट, वर असेल तर ३५. आमच्या गल्लीत पुनर्विकासाची तीन कामं चालू आहेत. तिन्हींना पत्रे आहेत आणि पत्र्यांवर झाडं, फुलपाखरं आणि हसऱ्या कुटुंबाची चित्रं आहेत. इमारत विसाव्या मजल्यावर गेली आहे. तिथून उडालेली धूळ खाली उतरताना पत्र्याची उंची बघते आणि नियमाचा मान राखून वरूनच जाते.

धूळ बसवायला टँकरही येतो. मी परवा मुद्दाम उभं राहून बघितलं. बिडी विझवून एकानं पाइप धरला, रस्ता इमाने इतबारे भिजवला, दोन स्कूटर आणि एक कुत्राही भिजवला. रस्त्यावर करड्या रंगाचा छान लगदा झाला. मागोमाग खडीचे तीन डंपर आले, त्यांच्या चाकांनी तो लगदा नाक्यापर्यंत समान वाटला. तासाभरात ऊन चढलं, लगदा वाळला, आणि जी धूळ पूर्वी फक्त आमच्या गल्लीत उडायची ती आता नाक्यापर्यंत उडू लागली. विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच असावं.

एवढं करूनही हवा सुधारली नाही तर दोष कोणाचा? उघड आहे, वाऱ्याचा. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस आपण दिल्लीलाही मागं टाकलं, तेव्हा वारा मंदावल्याचा ठपका थेट ला निनावर गेला. ही बाई राहते प्रशांत महासागरात, पेरूकडे. किती सोयीचं! डंपर पकडायला नाक्यावर जावं लागतं. तिच्यावर समन्स बजावायचं तर कुठल्या वॉर्ड ऑफिसातून?

डॉक्टरांनी मला तपासलं, छातीवर नळी फिरवली आणि म्हणाले, "थोडा हवापालट करा." कुठं जाऊ, विचारलं. "समुद्रकिनारी कुठंतरी." त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीतून माहीमचा समुद्र दिसत होता. म्हणजे दिसायला हवा होता. धुरक्यात वांद्र्याचा सी लिंक अर्ध्यातच संपला होता.

घरी आलो तर काका जिन्यातच भेटले, हातात लाल पेन्सिल. एक पन्नास झाले होते. वर गेलो, पश्चिमेची खिडकी उघडली. पडदा जागचा हलला नव्हता. खालून आवाज आला, "आला का हो?"

"नाही अजून."

"मग अर्धा दिवस मांडतो."